सरायेव्हो : फोटो स्टॉप, ४५ मिनिटं

सकाळचा चहापण झाला नव्हता तेव्हा भावोजींनी फॅमिली ग्रुपवर टूरचं पीडीएफ टाकलं. नऊ दिवस, सहा देश. सहाव्या दिवसापुढे लिहिलंय, 'सरायेव्हो : लॅटिन ब्रिज, फोटो स्टॉप ४५ मिनिटं, इंडियन लंच, पुढे प्रस्थान'. आणि खाली भावोजी विचारतायत, बोस्नियाच्या या राजधानीत तू जाऊन आलीयेस ना, जरा टिप्स दे.

४५ मिनिटांत काय टिप देऊ? टॉयलेट कुठे आहे ते सांगू?

ग्रुपवर मी 'वा, मस्त, एन्जॉय' लिहून अंगठा दिला, कारण ताईला वाईट वाटेल आणि भावोजी मनाने खरंच चांगले आहेत. पण दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात घोळत होतं म्हणून इथे ओकतेय. भावोजी फेसबुकवर नाहीत.

अहो बोस्नियाच्या युद्धात ज्या शहराला १४२५ दिवस वेढा पडला होता, एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यापेक्षाही जास्त, वीज नाही पाणी नाही, चारी बाजूंच्या डोंगरांवरून तोफा आणि स्नायपर, २०१२ मध्ये मेलेल्यांच्या आठवणीत भर रस्त्यात ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या, त्या शहराला तुम्ही ४५ मिनिटं देताय? त्यातली वीस तर 'सगळे उतरले का, काकू कुठायत' यातच जाणार.

हं, आता मी तरी कोण मोठी लागून गेले. आमचा पहिला दिवस सांगते. मोठ्या कॅथेड्रलसमोर मी फोटोसाठी उभी, मान वर, केस नीट, नवरा चार पावलं मागे जाऊन दोन्ही टॉवर फ्रेममध्ये बसवतोय. तेवढ्यात कुणीतरी माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं. बघते तर एक आजी, माझ्या आईच्या वयाच्या, हातातल्या पिशवीतून कांद्याची पात डोकावतेय. त्यांनी बोटाने खाली दाखवलं. मी 'सरायेव्हो रोझ'वर उभी होते. तोफगोळा पडून फरशी फुटली आणि तिथे माणसं गेली, त्या खळग्यांत लाल राळ भरून ठेवलीये, ते फुलासारखं दिसतं. हे मी जायच्या आधी वाचलं होतं, नवऱ्याला वाचून दाखवलं होतं, आणि तरी सँडल घालून त्यावरच उभी.

असो. टिप्स मागितल्यात ना, घ्या टिप्स.

पहिली म्हणजे व्हिसा. बोस्निया शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) नाही, पण मल्टिपल एंट्री शेंगेन असेल तर आपल्याला ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही (नियम बदलतात, जायच्या आधी एकदा बघाच). मल्टिपल हा शब्द महत्त्वाचा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे सिंगल एंट्रीवर दुब्रोव्हनिकहून इकडे आलात तर परत जायची पंचाईत. कॅश ठेवा, चलन 'मार्क', एका युरोला साधारण १.९५, लांब पल्ल्याच्या बसमध्ये डिकीतल्या बॅगेचेसुद्धा वेगळे सुटे पैसे मागतात. मोस्तारहून येणार असाल तर ट्रेनने या, नेरेत्वा नदी खिडकीला चिकटून चालते, दोन तास पापणी लवत नाही. हिवाळ्यात शहर वाडग्यासारखं धुराने भरतं, दम्यावाल्यांनी मे ते सप्टेंबर.

खाणं. भावोजी शाकाहारी, म्हणून इंडियन लंच. मान्य, शाकाहारी माणसाला तिकडे टेन्शन येतं, चेवापीच्या (भाजलेल्या खिम्याच्या कबाबांच्या) वासाने अर्धी बाशचारशिया, म्हणजे जुनी बाजारपेठ, भरलेली असते. पण बुरेकच्या (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजतात ते) दुकानात जा की! तिथे बुरेक म्हणजे फक्त खिम्याचाच, 'चीज बुरेक' म्हणालात की काउंटरवरचा माणूस, पुणेकराने 'व्हेज तांबडा रस्सा' मागितल्यावर कोल्हापूरकर बघेल तसा बघतो. चीजवाली ती सिरनित्सा, पालकवाली झेल्यानित्सा आणि बटाट्याची क्रोम्पिरुशा. क्रोम्पिरुशा खाऊन माझी सासू (जी परदेशात थेपल्यांवर जगते) म्हणाली, हे तर आपलं बटाट्याचं पॅटिसच, वर दही घाल. आणि तिथे वर दही घालतातच!

कॉफी उभ्याने प्यायची नाही. तांब्याच्या ताटलीत लांब दांड्याची जेझ्वा (कॉफीचं भांडं) येते, छोटा फिल्जान म्हणजे कप, साखरेचे खडे, एक लोकुम (तुर्की मिठाई), पाणी. खडा कॉफीत बुडवून चावायचा, वर घोट. मी पहिल्या दिवशी दोन मिनिटांत संपवली तर शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, 'पोलाको', म्हणजे सावकाश. कझांजिलुक गल्लीत तांबटांची ठकठक चालू असते, आमच्या पुण्याच्या तांबट आळीचीच बहीण. दुकानाला म्हणतात 'दुचान', टिपेला 'बक्शिश', पेटीला 'संदुक'. तुर्की-फारसीची वाट, आपल्याकडेही तीच आलीये. बाशचारशियातल्या 'चार'चा अर्थसुद्धा चारच.

आता चिडते परत. ग्रुपवर दुपारी एका नातेवाइकांनी (नाव नको) विचारलं, 'तिकडे ते लोक जास्त ना? सेफ आहे का?'

ते लोक! माझ्या मित्रयादीत असं विचारणारं कुणी नसेल, असलंच तर आत्ता निघा. त्याच शहरात दहा मिनिटांच्या चालीत १५३१ ची गाझी हुसरेव-बेग मशीद, जुनं सिनेगॉग, जुनं ऑर्थोडॉक्स चर्च आणि ते माझं कॅथेड्रल आहे. स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना इथे जागा मिळाली. त्यांच्याबरोबर आलेली चौदाव्या शतकातली हग्गादाची (ज्यू पासओव्हर सणाला वाचतात ती) पोथी दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून कुणी वाचवली? म्युझियमचा ग्रंथपाल देरविश कोरकुत, मुसलमान. आणि १९९२ च्या ऑगस्टमध्ये वियेच्नित्सा, म्हणजे तिथली नॅशनल लायब्ररी, गोळे टाकून जाळली तेव्हा शहरभर जळक्या कागदांचे कपटे उडत होते. ती इमारत २०१४ ला परत उघडली, रंगीत काचेचं छत बघून मान दुखते. पुस्तकं परत येत नाहीत.

सेफ आहे का म्हणे. तर त्या आजींचं मी अर्धंच सांगितलं वर. त्यांनी माझं कोपर धरल्याबरोबर नवरा तिकडून ओरडला, 'बॅग! बॅग सांभाळ!' मराठीत ओरडला हो, पण बॅग हा शब्द सगळ्या जगाला कळतो. आजींनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे उघडे करून दाखवले. रिकामे. मग बोटाने खाली दाखवलं.

मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याला दोष देत नाही, युरोपच्या प्रत्येक टिप्समध्ये पाकीटमार हाच पहिला मुद्दा असतो, आणि खरं आहे, ट्राममध्ये गर्दीत सांभाळावं लागतं, कुठेही लागतं, लोकलमध्ये नाही का लागत.

बोगद्याला जा. विमानतळाच्या खालून १९९३ मध्ये माणसांनी कुदळ-फावड्याने खणलेला, ८०० मीटर लांब आणि उंची जेमतेम १.६ मीटर. वेढ्यात औषधं, बटाटे, बंदुका, जखमी, सगळं त्यातून. आता वीसेक मीटरच उघडा आहे, तेवढ्यात माझ्या उंच नवऱ्याची पाठ धरली. ३ नंबरच्या ट्रामने इलिजापर्यंत, पुढे टॅक्सी. वॉर चाइल्डहूड म्युझियम छोटंसं आहे, वेढ्यात वाढलेल्या मुलांच्या वस्तू आहेत, तिथे मी फार बोलत नाही. संध्याकाळी झुता ताबिया या जुन्या बुरुजावर चढा, फुकट आहे, खाली पांढऱ्या थडग्यांचा उतार आणि सगळं शहर. केबल कारने त्रेबेविचवर १९८४ च्या ऑलिंपिकचा बॉबस्लेचा सिमेंटचा ट्रॅक आहे, आता जंगलात ग्राफिटीने भरलेला, पण पायवाट सोडून आत शिरू नका, युद्धात त्या डोंगरावर सुरुंग पेरलेले होते.

आणि लॅटिन पूल? बघा की. २८ जून १९१४, प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराज फर्डिनंडला तिथेच कोपऱ्यावर गोळी घातली आणि पहिलं महायुद्ध पेटलं, दहावीत सगळ्यांनी पाठ केलंय. पूल चांगलाच आहे. छोटा आहे. पाच मिनिटं लागतात.

आता राग उतरलाय थोडा. ताईचे गुडघे दुखतात, भावोजींना दहा दिवसांच्या वर रजा नाही, लेकाचं शिक्षण काढलंय, त्यांना ग्रुप टूरच परवडते आणि झेपते. मी चार दिवस निवांत गेले म्हणून शहाणपण शिकवतेय, हेही कळतंय मला.

आजींचं राहिलं. तळवे दाखवून झाल्यावर त्या हसल्या, नवऱ्याच्या हातातला मोबाईल घेतला आणि आम्हाला दोघांना चार पावलं डावीकडे उभं करून आमचा फोटो काढला. वाकडा आलाय. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे, एक टॉवर कापला गेलाय आणि आम्हा दोघांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे. त्या ट्रिपचे आठशे फोटो क्लाउडवर कुठेतरी पडलेत, प्रिंट एवढाच काढला.

ताईला रात्री फोन करणार आहे. पुलापासून कॅथेड्रल पाच-सात मिनिटं, सपाट रस्ता, गुडघ्यांना चालेल. भावोजींना पुलावर फोटो काढू दे म्हणावं, तू पुढे हो, कॅथेड्रलच्या पायऱ्यांच्या अलीकडे थांब आणि जमिनीकडे बघ.