स्थानबद्ध

मोबाइल टीपॉयवर वाजत होता. हात सरळ लांब केला तर बोटं टीपॉयच्या कडेला लागत होती, आणि तिथून मोबाइल आणखी एक वीत. मी खांदा ताणला, कंबर ताणली, श्वास रोखून धरला. मांडीवरच्या ठमीनं एक कान मागे वळवला. फक्त कान. डोळे उघडले नाहीत, शेपटीचं टोकही हललं नाही. मी मुकाट्यानं होते तिथे परत आले आणि मोबाइल दमून गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

हे रोजचंच आहे. संध्याकाळी मी खुर्चीत टेकते, पाय वर घेते, आणि ठमी प्रकट होते. क्षणापूर्वी ती घरातल्या एकाही खोलीत नव्हती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आल्या आल्या उडी मारत नाही. खुर्चीच्या हातावर पुढचे दोन पंजे ठेवून आधी जागेची पाहणी करते. रिकामं घर बघायला आलेलं गिऱ्हाईक भिंतीवर टकटक करून बघतं ना, तशी. मांडीवर पुस्तक असेल तर ती त्या पुस्तकावरच बसते, म्हणजे त्या दिवसापुरतं वाचन संपलं. मग दीड फेरी. थांबून विचार. मग उलट दिशेनं अर्धी. आणि मग तिंबणं.

पिल्लं आईचं दूध पिताना पंजांनी तिचं पोट दाबतात, दूध उतरावं म्हणून, आणि ती सवय मोठेपणीही जात नाही. हे कळल्यापासून ‘ठमी मला आईच समजते’ असं मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. मांजरीचे दात पिल्लांना लागत नाहीत म्हणतात. नसतील लागत. पण पिल्लाची नखं आईच्या मांडीत किती खोल जातात, त्यावर एकही म्हण नाही. म्हणी करणाऱ्यांपैकी कुणाच्या मांडीवर मांजर बसलेलंच नसणार. माझ्या घरच्या सगळ्या कपड्यांचे दोरे निघालेत, आणि तेही गुडघ्याच्या वर वीतभर, नेमक्या एकाच जागी.

आमच्या घरात एक अलिखित कायदा आहे: ज्याच्या अंगावर मांजर, त्याला काम सांगायचं नाही. ‘माझ्यावर ठमी आहे’ एवढं म्हटलं की पुढचा सगळा युक्तिवाद बंद. दार उघडणं, कपडे वाळत घालणं, पाण्याचा ग्लास आणून देणं, सगळं समोरच्यावर. हा कायदा नवऱ्यानंच केला होता. ठमी नवीन असताना दोन-चारदा ती त्याच्या पोटावर झोपली होती, तेव्हा. पुढे तिनं पक्ष बदलला आणि कायदा त्याच्यावरच उलटला. ते त्याला अजून पचलेलं नाही.

‘ती तुझ्यावर प्रेम करत नाही,’ तो म्हणतो. ‘तू गरम आहेस, एवढंच.’

आणि मग आकडे. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस. ते टिकवायला वेगळी शक्ती खर्च करावी लागू नये म्हणून आजूबाजूला साधारण ३० ते ३८ अंश लागतात. म्हणजे आपण पंख्याचं बटण शोधायला लागतो तिथे मांजराला जेमतेम बरं वाटायला लागतं. माणसाची कातडी या पट्ट्यात अचूक बसते. ‘थोडक्यात, तू फर्निचर आहेस. तापणारं.’ हे सगळं वाचायला त्याला वेळ मिळतो, कारण त्याच्या मांडीवर कुणी बसत नाही आणि त्याचे दोन्ही हात मोकळे असतात.

मीही कच्ची नाही. जपानमधल्या अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये दाखवून दिलं की मांजरं स्वतःचं नाव ओळखतात. चार वेगळे शब्द ऐकवून कंटाळा आणायचा आणि मग नाव घ्यायचं. मांजर कान फिरवतं, मान हलवतं. मी तिथल्या तिथे प्रयोग करून दाखवला. ‘टेबल, चमचा, छत्री, उशी, ठमे!’ कान फिरला.

‘कान फिरला,’ नवरा म्हणाला. ‘मांजर कुठे फिरलं? ओळखतात एवढंच त्या बाईंनी म्हटलंय. हाक मारल्यावर येतात असं नाही म्हटलेलं.’

मग मी घुरघुर काढली. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००९मधलं संशोधन आहे: काही मांजरं खायला मागताना घुरघुरीच्या आत एक उंच, रडवा सूर मिसळतात. ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नाही, त्यांनाही तो सूर ऐकून काहीतरी तातडीचं आहे असं वाटतं. तो सूर मला पाठ आहे. पहाटे उशीपाशी तोच असतो. पण मांडीवर? मांडीवर नुसती खालची खर्जातली घुरघुर, हाडात उतरणारी, मध्येच एक गिळल्याचा आवाज, मग पुन्हा सुरू. रडवा सूर औषधालाही नाही. ‘म्हणजे ही घुरघुर निःस्वार्थी आहे,’ मी निकाल दिला.

‘ही घुरघुर पोट भरलेली आहे,’ नवरा म्हणाला.

असो. त्या संध्याकाळी नवरा घरात नव्हता. मोबाइल गप्प झाला आणि वॉशिंग मशीन ओरडायला लागलं. ते पाच वेळा ओरडतं, थांबतं, पुन्हा पाच वेळा ओरडतं. मग दाराची बेल वाजली. ‘आले!’ मी ओरडले, पण हळूच. कुजबुजत ओरडणं म्हणजे काय, ते मांजरवाल्यांनाच कळेल. दारापर्यंत तो आवाज जाणं शक्यच नव्हतं. बेल पुन्हा वाजली, मोबाइल पुन्हा वाजला, मशीन तिसऱ्या फेरीला लागलं, आणि एवढ्यात मला बाथरूमला जायची आठवण झाली. आठवण झाली नसती तर अजून तासभर निघाला असता. झाल्यावर मात्र दुसरं काही सुचेना.

काय काय करून पाहिलं! शेजारची उशी इंचाइंचानं तिच्या खाली सरकवली, तर तिनं उशीवरही एक पाय टाकला आणि माझ्या मांडीवरचे तीन तसेच ठेवले. आता मी उशीसकट अडकले. गुडघा थोडा उतरता केला. ती घसरली, पण झोपेतच, आणि घसरताना आधाराला नखं लावली. ढकलून का नाही दिलं, असं विचारणाऱ्यानं झोपलेल्या मांजराचा तळपाय कधी जवळून पाहिलेला नसतो. त्या गुलाबी गादीवर बोट ठेवलं तर सगळी बोटं फुलासारखी फाकतात आणि पुन्हा मिटतात. तिची हनुवटी माझ्या मनगटावर होती. जिभेचं टोक आत घ्यायचं राहून गेलं होतं. अशा जिवाला ढकलायचं?

पायाला आधी मुंग्या आल्या, मग त्या मुंग्याही निघून गेल्या. पायच गेला म्हणा.

शेवटी ती आपणहून उठली. स्वयंपाकघरात एक प्लास्टिकची पिशवी सरकन घसरली, तेवढं पुरलं. माझ्या मांडीचा फळीसारखा उपयोग करून तिनं झेप घेतली. मागे वळून पाहणं वगैरे काही नाही. मी उठले आणि दुसऱ्याच पावलाला टीपॉयवर आडवी झाले.

दार उघडलं तर पायरीवर नवरा बसलेला. किल्ली घरात विसरला होता. बेल त्याचीच, फोनही त्याचेच; मोबाइलवर अकरा मिस्ड कॉल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक पाय ओढत चाललेली, काळ्या कपड्यावर पांढरे केस, मांडीवर ताटलीएवढी उबदार सुरकुती.

‘ठमी होती?’

‘हो.’

तो काहीतरी बोलणार होता. पण कायदा त्याचाच. बूट काढून गुपचूप आत गेला.

दुसऱ्या दिवशी तो गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आला. ‘आता होऊन जाऊ दे,’ म्हणाला. पाणी कोमट करून भरलं, वरून टॉवेल गुंडाळला, आणि पिशवी माझ्या शेजारी सोफ्यावर ठेवली. मी मुद्दाम मांडी सोडून बसले. ठमी आली. माझ्या मांडीचा वास घेतला, पिशवीचा घेतला, पुन्हा मांडीचा. मी तिच्याकडे बघून सावकाश डोळे मिटले, उघडले. मांजरांना ते आवडतं, तेही २०२०च्या एका संशोधनातलंच आहे. तिनंही सावकाश डोळे मिटले. आणि पिशवीवर जाऊन बसली.

दीड फेरी. उलट अर्धी. तिंबणं. घुरघुर.

नवरा काही बोलला नाही, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मला तासभर मोकळा मिळाला. मशीनमधले कपडे वाळत घातले, तीन फोन केले, कुठलंसं कपाट आवरलं. मध्ये दोनदा येऊन टॉवेलखाली हात घालून बघून गेले. पिशवी फार सावकाश गार होते. मग हातातलं काम टाकून सोफ्यावरच बसले, मांडी सोडून.

‘पाणी बदलून देऊ का?’ नवऱ्यानं आतून विचारलं.

‘नको,’ मी कुजबुजत ओरडले.