डोंगल ड्रॉवरमध्ये, पिन भिंतीवर

सरपंच झालात, अभिनंदन! अंगावरचा गुलाल निघायच्या आत तुमच्या नावाचं डिजिटल सहीचं, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं डोंगल येईल. ते हातात धरून एक फोटो काढा, स्टेटसला ठेवा आणि लगेच पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या हवाली करा. सोबत पिनही द्या. तो बदलायच्या भानगडीत पडू नका. डोंगलबरोबर बहुतेक वेळा येतो तो १२३४५६७८ काय वाईट आहे? अख्ख्या तालुक्याला पाठ असतो. बदललाच, तर मोबाइलचे शेवटचे आकडे ठेवा आणि चिठ्ठी मॉनिटरमागच्या भिंतीवर डकवायला सांगा. वीज आहे तोवर पंचायतीचं काम उरकायचं असतं, तुम्ही केळीच्या बागेत पाणी भरत असताना "आप्पा, पिन काय शे?" म्हणून फोन यायला नको.

हल्ली काही शहाणे लोक डोंगलऐवजी सहीचं चिपवालं कार्ड आणि कीपॅडवाला कार्ड रीडर घ्या म्हणून मागे लागतात. हे यंत्र करतं काय, ते नीट समजून घ्या, म्हणजे तुम्हालाही राग येईल. साध्या रीडरला किंवा डोंगलला पिन द्यायचा तर तो कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाइप करावा लागतो. म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये जे कोणी मुक्कामाला असेल, लग्नपत्रिका म्हणून उघडलेली फाइल असो की कुणाच्या पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस, त्या सगळ्यांना तो कळतो. याला पारदर्शक कारभार म्हणतात. कीपॅडवाल्या रीडरमध्ये मात्र आकडे रीडरवरच दाबायचे. कॉम्प्युटर फक्त 'पिन तपासून घे' एवढं म्हणतो. रीडर ते आकडे परस्पर कार्डातल्या चिपला देतो आणि कॉम्प्युटरच्या पदरात पडतं नुसतं उत्तर: ९००० म्हणजे बरोबर, ६३सी२ म्हणजे चुकला, अजून दोनदा बघा. पिन मिळतच नाही! ज्या कॉम्प्युटरला पंचायतीने कोटेशन मागवून, ठराव करून घरात आणलं, त्याच्यावरच हा अविश्वास?

जर्मन लोकांनी तर याचा उगाच बाऊ केला. २०१० च्या नोव्हेंबरात त्यांच्याकडे चिपवालं नवं ओळखपत्र आलं. त्याला बिनकीपॅडचा स्वस्त रीडरही चालत होता. तिथल्या हॅकर मंडळींनी व्हायरस बसलेल्या कॉम्प्युटरवरून पिन उचलता येतो हे दाखवून दिलं आणि केवढी बोंब झाली! आपल्याकडे पिन उचलायला कुणी येत नाही. आपण तो आधीच देऊन ठेवलेला असतो.

तरी एखाद्या योजनेत असा रीडर गळ्यात पडलाच, तर तोही वापरायची रीत आहे. पिन चार आकडी ठेवा. बागेतून थेट कार्यालयात या, हात धुऊ नका. केळीचा चीक बोटाला लागला की जाता जात नाही, हे रावेर-यावलकडच्या माणसाला सांगायला नको. दोन-चार महिन्यांत पांढऱ्या कीपॅडवर नेमक्या चार बटणांवर काळपट-तपकिरी डाग धरतील, बाकीची सहा बटणं कोरी करकरीत राहतील. चार वेगवेगळे आकडे कळले की क्रम लावायचे २४ प्रकार. तीनदा चुकलं की कार्ड बंद पडेल, ही भीती खरी. पण डाग १, ९, ७ आणि ४ वर असतील, तर आप्पांचं जन्मसाल ओळखायला पहिलाच प्रयत्न पुरतो.

कधी रीडरला कीपॅड असूनही स्क्रीनवर एक चौकट उघडेल आणि 'पिन इथे टाका' म्हणेल. टाका की! एवढ्या अदबीने विचारतंय.

(एक मात्र या शहाण्यांना विचाराच. कीपॅड पिन लपवेल, पण सही कशावर होतेय हे कुठे दाखवतं? त्यासाठी स्वतःचा पडदा असलेला, वरच्या दर्जाचा रीडर लागतो. आपण प्रोसिडिंग बुकावरही कधी वाचून सही केलेली नाही, म्हणून हा मुद्दा सोडून देऊ.)

दिलदारपणाचा सराव हवा असेल तर जळगावच्या सराफ बाजारात जा. दुकानदार बिचारा स्वाइप मशीन तुमच्याकडे वळवतो, तोंड फिरवून उभा राहतो. तुम्ही खुर्चीतूनच मोठ्याने आकडे सांगा. बाजूला बसलेल्या वऱ्हाडाचीही सोय होते.

आता खरी गंमत दोन सह्यांची. वित्त आयोगाच्या निधीतून पैसे काढायचे तर ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची) डिजिटल सही लागते आणि सरपंचाचीही. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं अशी वरच्यांची इच्छा. आपण दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये, एकाच रबरबँडमध्ये ठेवतो. ती आता चोवीस तास एकमेकांवर लक्ष ठेवतात.

महिला राखीव जागेवर निवडून आला असाल तर ड्रॉवरचीही गरज नाही. डोंगल यजमानांच्या शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही निवांत माहेरी जा, झोक्यावर बसून गाणी म्हणा. त्याच दुपारी सासरी गटारीच्या बिलावर तुमची सही होऊन जाईल.

पुढेमागे लेखापरीक्षक तारीख-वेळ दाखवून विचारील, "ताई, ही सही तुमचीच का?" बिनधास्त हो म्हणा. डोंगल तुमच्या नावाचं, पिन बरोबर, चिपने ९००० दिलेला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं ४२ वं कलमही तुमच्याच बाजूला बोट दाखवतं: सहीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची जबाबदारी जिची सही तिची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवेपर्यंत उत्तरदायीही तीच. तेव्हा सही तुमचीच. फक्त "चला, गटार दाखवा" म्हणाला, तर तेवढं घरी विचारून सांगते म्हणा.