आधी तेल, मग आंघोळ, मग कात्री? पर्शियन मांजरांबद्दलच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मार्च सरत आला की नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: "उन्हाळा आला, पर्शियन मांजराचे सगळे केस मुळापासून काढून टाका, त्याला गार वाटेल. एरवी विंचरायची गरज नाही, मांजर चाटून स्वतःला साफ ठेवतं. जट झालीच तर खोबरेल तेल चोळा, कोमट पाण्याने आंघोळ घाला, जट सैल होईल. उरलेली कात्रीने कापा." सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि पाळलाही जातो. भोगावं मात्र मांजराच्या कातडीला लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"सगळे केस काढा, गार वाटेल"

मांजराला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. कामाच्या घामग्रंथी असतात त्या पंजांच्या गाद्यांमध्ये. बाकी गारवा ते अंग चाटून, लाळ वाळताना मिळवतं, नाहीतर सरळ जाऊन फरशीवर पसरतं. मोकळे, विंचरलेले केस ऊन अडवतात आणि त्यांतून हवा खेळते. उकाडा कोंडतो तो गळलेली लव, म्हणजे आतल्या थरातले मऊ केस, आतच अडकून राहिली की. त्यामुळे एप्रिलमध्ये पारा 40 अंशांकडे सरकतो तेव्हा ती मेलेली लव काढायची असते, अख्खे केस नाहीत. केसगळतीच्या दिवसांत दिवसातून दोनदा विंचरा, शेपटीखालचे केस आखूड ठेवा, शहाबादी फरशीचा सावलीतला कोपरा आणि पंखा द्या. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

भादरलेलं अंग घेऊन ग्रिलमध्ये बसलेलं पांढरं मांजर उन्हाने भाजतं. शिवाय लांब केस पूर्ववत व्हायला चार ते सहा महिने लागतात, काही मांजरांना त्याहून जास्त. ऑक्टोबर हीटमध्ये भादरलेलं मांजर ऐन डिसेंबर-जानेवारीत उघडं पडतं. नाशिकची थंडी, त्यातही निफाडकडची, किती बोचरी असते हे इथे वेगळं सांगायला नको. सयामीसारखं गडद तोंड आणि कान असलेल्या हिमालयन मांजराचं आणखी एक आहे. त्याच्या केसांतला रंग बनवणारं विकर (एन्झाइम) थंड कातडीवर जास्त काम करतं, म्हणून भादरलेल्या जागी पुढचे केस काळपट येतात आणि तो डाग केस बदलेपर्यंत राहतो.

अंगभर जट झाली असेल, किंवा घरात विंचरणारं कोणी नसेल, तर केस आखूड करून घेणं योग्यच. पण तिथे कारण जट आहे, ऊन नव्हे. आणि तेव्हाही जिथे जट नाही तिथे एक-दोन सेंटीमीटर केस ठेवायला सांगा.

"मांजर चाटून साफ राहतं"

आखूड केसांच्या गावठी मांजरापुरतं हे खरं आहे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात आणि ते लाळ केसांच्या मुळाशी पोहोचवतात. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पर्शियनच्या केसांत हे काटे कातडीपर्यंत पोहोचत नाहीत असं त्यात दिसलं. म्हणून वरचे केस चकचकीत आणि आतली लव गोळा झालेली, असं चित्र दिसतं.

"रोज ब्रश करतो तरी जट कशी होते?" याचंही उत्तर तेच. ब्रश वरूनच सरकतो. स्टीलचा, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दातांचा कंगवा घ्या. केसांत भांग पाडा, कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून टोकाकडे एकेक थर विंचरत जा. रोज पाच ते दहा मिनिटं पुरतात. कानांमागे, काखेत, पोटावर, मांड्यांच्या आत, शेपटीखाली आणि पट्टा घालत असाल तर पट्ट्याखाली आधी पाहा. सुरुवात तिथेच होते. बाहेर फिरणाऱ्या मांजराच्या केसांत पावसाळ्यानंतर कुसळं शिरतात, आणि प्रत्येक कुसळाभोवती एक नवी गाठ धरते.

आजवर नीट असलेल्या मोठ्या वयाच्या मांजराच्या पाठीवर अचानक जट दिसू लागली तर कंगव्याआधी डॉक्टर. सांधे दुखत असतील, दात-हिरड्या दुखत असतील किंवा वजन वाढलं असेल, तर मांजर पाठीपर्यंत वळणंच सोडून देतं.

"खोबरेल तेल चोळा"

तेल जटेच्या बाहेरून बसतं, आतला पीळ तसाच राहतो. त्यावर धूळ चिकटते, मांजर ते सगळं चाटतं आणि जुलाब होतात. पुढे मशीन लावायची वेळ आली की पातं तेलकट केसांत अडकतं. सरकायला मदत हवी तर स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर चिमूटभर जटेत चोळा. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. टी ट्री तेल, फिनाईल किंवा घरातलं जंतुनाशक तर अजिबात नको. टी ट्री तेलातली टर्पीन वर्गातली आणि फिनाईलसारख्या जंतुनाशकांतली फिनॉल वर्गातली रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. कुत्र्यांचं पर्मेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजराचा जीव घेतं.

"कोमट पाण्याने जट सैल होते"

नेमकं उलट होतं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटून पुठ्ठ्यासारखा होतो, तो का? केसाच्या पृष्ठभागावर खवले असतात. पाणी आणि चोळण्याने ते एकमेकांत अडकतात, आणि वाळताना पीळ आवळतो. बोटांनी सुटली असती अशी सुपारीएवढी जट आंघोळीनंतर कातडीला चिकटलेली चकती होऊन बसते.

त्यात आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये घरात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तर जटेखालची कातडी कधी सुकणार? ती लाल होते, ओल धरते, वास येतो. शेपटीखालच्या जटेत शी अडकलेली असेल तर माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या दिसतात. ही अवस्था घरी हाताळायची नाही.

क्रम असा ठेवा: आधी सगळी जट काढा, दाट दातांचा कंगवा अंगभर न अडखळता फिरला पाहिजे. मगच आंघोळ. पाणी कोमट, म्हणजे 37-38 अंश. शाम्पू मांजरांसाठीचाच, आणि पाणी दोनदा घाला, कारण राहिलेला शाम्पू केस चिकट करून नवी गाठ बांधतो. टॉवेलने चोळू नका, दाबून टिपा. ड्रायर कमी उष्णतेवर, आणि कंगवा चालू ठेवूनच वाळवा.

"उरलेली कात्रीने कापा"

सगळ्यांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि जटेच्या बुडाशी केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही. कात्री बसते ती त्या घडीवर. रक्त थोडंच येतं, त्यामुळे चीर उरलेल्या केसांखाली लपून राहते आणि लक्षात येते तेव्हा टाके घालावे लागतात. काख, पोट आणि स्तनाग्रांभोवती हे सर्रास घडतं.

लहान जट अशी सोडवा. मांजर खाऊन सुस्तावलेलं असताना बसा. जटेचं बूड कातडीलगत दोन बोटांच्या चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जाणार नाही. कॉर्नफ्लोअर चोळा. बोटांनी जट उभी फाडून तिचे दोन-तीन भाग करा. मग विरळ दातांनी टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे या. मुळापासून ओढलंत तर मांजर पुढच्या वेळी कंगवा बघूनच पळेल. शेपूट आपटू लागली, कान मागे गेले की थांबा. एका बैठकीत एक-दोन जटा पुष्कळ झाल्या.

कंगव्याचा दात जट आणि कातडी यांच्यामधून सरकत नसेल तर ती विंचरून सुटणारी नाही. तिथे प्राण्यांचं क्लिपर (केस कापायचं मशीन) आणि 10 नंबरचं पातं लागतं, जे साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. त्यावर प्लास्टिकचं गार्ड लावू नका, गार्डचे दात जटेत अडकून कातडी ओढतात. दुसऱ्या माणसाने कातडी ताणून धरायची, पातं कातडीला समांतर ठेवायचं आणि जटेच्या खालून सरकवायचं. पातं दर दोन-तीन मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. चटका बसला तर थांबा. दाढीचं ट्रिमर या कामाला चालत नाही, लव भरून ते अडकतं आणि तापतं.

अंगभर चिलखतासारखी जट झाली असेल तर ती पशुवैद्याकडे, गुंगी देऊनच काढावी. पर्शियनचं तोंड चपटं, श्वासाची वाट अरुंद, आणि या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. म्हणून गुंगीआधी रक्ततपासणी करून घ्या. घरच्या कुणाची झोपेची गोळी मांजराला देऊ नका, आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही. एक गोळीही मांजराला मारू शकते.

जट निघाल्यावर खालची कातडी लालसर, कोंडा धरलेली दिसेल, ती काही दिवसांत सावरते. गोल, केस गेलेले, खवले सुटणारे चट्टे दिसले तर गजकर्ण असू शकतं. ते घरच्या मुलांनाही लागतं, म्हणून तपासून घ्या आणि तोवर तो कंगवा दुसऱ्या मांजराला लावू नका. कानांमागची मोठी जट काढल्यानंतरचे दोन दिवस कानांवर लक्ष ठेवा. दाबलेलं रक्त मोकळं होतं, मांजर डोकं झटकतं आणि कधी कधी कानाच्या पाळीत रक्त साठून ती उशीसारखी फुगते. तशी फुगली तर सुई टोचू नका, दाबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.