चल ना बाबा

वर्डमध्ये वीस वर्षं कंट्रोल-एस दाबून माझ्या डाव्या करंगळीला अशी सवय लागलीये की चार ओळी झाल्या की ती परस्पर सेव्ह करून मोकळी होते, मला विचारत पण नाही. आणि हीच बया सर्व्हरवरच्या जुन्यापुराण्या विममध्ये (काळ्या स्क्रीनवर फाइली लिहायचा-बदलायचा प्रोग्रॅम) गेली की स्क्रीन ठप्प. कर्सर हलेना, अक्षर उमटेना. मला कितीतरी महिने वाटायचं नेट गेलं, मग राउटर बंद-चालू, हॉलमधून आईचं "अरे माझी सिरियल!", नेटवाल्याला फोन, तो म्हणणार "सर इकडून तर लाइन ओके दाखवतंय", आणि परत लॉगिन केलं की विमचा तो स्वॅप फाइल (अर्धवट कामाची त्याने आपोआप ठेवलेली नोंद) सापडल्याचा लांबलचक मेसेज, जो आता मला आरतीसारखा पाठ आहे.

परवा ऑफिसात विममध्ये एका फाइलीतला पोर्ट नंबर बदलून 8080 केला, एस्केप दाबलं आणि करंगळीने घात केला. वैतागून मी इंग्रजी अक्षरांत बडवलं, चल ना बाबा. शेजारचे काका (रिटायरमेंटला आलेत, सगळे काकाच म्हणतो) मान न वळवता म्हणाले, "कंट्रोल-क्यू दाब रे."

दाबलं. पोर्ट नंबर झाला होता 80अल ना बाबा0.

म्हणजे स्क्रीन गोठली तरी आपण बडवलेलं सगळं आत साठत असतं! एस्केपनंतर विमला अक्षरं म्हणजे हुकूम वाटतात, म्हणून त्याने 'च'ची दोन अक्षरं (c आणि h) कमांड समजून एक 8 गिळला आणि उरलेली विनवणी इमानेइतबारे फाइलीत लिहून घेतली.

काकांना विषय मिळाला. 1963 चं टेलिटाइप मॉडेल 33, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणारं टाइपरायटर, सेकंदाला 10 अक्षरं, भोकं पाडलेली कागदी पट्टी. समोरून एक्सऑफ आलं की पट्टी थांबायची, एक्सऑन आलं की परत चालू. एक्सऑफ म्हणजेच कंट्रोल-एस, एक्सऑन म्हणजे कंट्रोल-क्यू. मशीन गेलं, हुकूम राहिला.

उपाय एका ओळीचा, बॅशआरसीत (बॅश, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, सुरू होताना वाचतो ती फाइल) 'एसटीटीवाय मायनस आयएक्सऑन' टाकायचं, म्हणजे हा थांबा-चालू हुकूम बंद. टाकलं, तर फाइल कॉपी करताना नवीनच एरर, कारण तिथे टर्मिनलच (कमांड टाइप करायची स्क्रीन) नसतं, मग 'इंटरॲक्टिव्ह असेल तरच', म्हणजे समोर माणूस टाइप करत असेल तरच, अशी अट घाला. घातली. आता बॅशमध्ये कंट्रोल-आरने कमांड शोधताना पुढे गेलो तर कंट्रोल-एसने मागे फिरता येतं, हे एक बरं झालं.

काल घरी स्क्रीन परत अडकली. मी हुशारीने अर्धा तास कंट्रोल-क्यू दाबत बसलो. शेवटी आईच आत आली, "अरे, नेट गेलंय ना मघापासून!"