दाढ दाखवायची कुठे?

गेल्या आठवड्यात माझ्या खालच्या उजव्या दाढेवर कॅप बसली. तेव्हापासून ऑफिसात आणि बिल्डिंगमध्ये सगळे एकच विचारतायत, "सरकारी डेंटल कॉलेजात केलंस? भीती नाही वाटली?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

दाढ तीन महिन्यांपूर्वी ठणकायला लागली. आधी लवंग धरली, मग मेडिकलमधून गोळ्या आणल्या. आठ दिवसांनी ठणका थांबला आणि मला वाटलं, सुटलो. खरं तर आतली नस मेली होती. नस मेली की दुखणं थांबतं, पण जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकत राहतो. ठणका थांबला म्हणून घरी बसला असाल तर कृपा करून एक्स-रे काढून घ्या.

घराजवळच्या क्लिनिकमध्ये रूट कॅनल, म्हणजे आतली मेलेली नस काढून मुळं साफ करून भरणं, आणि झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या टणक सिरॅमिकची) कॅप मिळून 14 हजार सांगितले. डॉक्टर सज्जन आहेत, माझ्या मुलाची दाढ त्यांनीच भरली होती. जागेचं भाडं, खुर्चीचा हप्ता, असिस्टंटचा पगार, लॅबचं बिल, सगळं पेशंटच्याच पैशातून निघतं. खाजगी डेंटिस्टना सरसकट लुटारू म्हणणाऱ्या पोस्ट मला अजिबात पटत नाहीत. पण त्याच महिन्यात मुलाची फी भरली होती, आणि आरोग्य विम्यातून अशा कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. मग मी सरकारी दंत महाविद्यालयाची वाट धरली.

केसपेपर, तपासणी, एक्स-रे, मग वरच्या मजल्यावरचा विभाग. पहिला दिवस यातच गेला. "तिथे शिकाऊ पोरं हात साफ करून घेतात" हे मीही ऐकून होते. माझी दाढ केली ती एमडीएस करणाऱ्या मुलीने. म्हणजे दाताच्या डॉक्टरकीची बीडीएस ही पदवी पाच वर्षांत पुरी करून आता पुढची तीन वर्षं रूट कॅनलच्याच विषयात घालवणारी डॉक्टर. मूळ आतून साफ करायची केसासारखी बारीक सळई असते, तिला फाईल म्हणतात; तिच्यावर एक इवलीशी रबरी चकती असते. चकती सरकवायची, पट्टीवर मिलिमीटर मोजायचे, फाईल मुळात घालायची आणि एक्स-रे काढायचा. एका मुळात फाईल टोकाच्या दोन मिलिमीटर आधीच थांबली होती. तिला शिकवणाऱ्या मॅडमनी एक्स-रे बघितला, मान हलवली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. एका दाढेवर दीड तास. मधेमधे ती विचारायची, "ताई, जबडा भरून आला का? मिटा जरा." इतका वेळ आणि वर दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर, हे मला पैसे मोजून तरी कुठे मिळालं असतं?

तेव्हा कामाच्या दर्जासाठी सरकारीला घाबरू नका. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

बाकावर माझ्या शेजारी धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांची पहिली सिटिंग दोन महिन्यांपूर्वी झाली होती. दुसऱ्या तारखेला आल्या नाहीत, कारण त्या महिन्यात आधीच तीन खाडे झाले होते आणि चौथा झाला असता तर एक काम सुटलं असतं. मधे तात्पुरतं भरलेलं सिमेंट पडलं, दाढेचा अर्धा भाग तुटला. त्या दिवशी त्यांना सांगितलं, आता काढावी लागेल. मावशी काही बोलल्या नाहीत, केसपेपरची घडी घालत बसल्या. मी पाच खेपा घातल्या त्या अर्ध्या पगारी रजा टाकून. त्यांच्याकडे रजा नावाची गोष्टच नाही.

सरकारी ओपीडीत पैसे कमी लागतात, दिवस जास्त जातात. ज्याचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते, त्याला ती स्वस्त नाही. माझी मागणी साधी आहे: या महाविद्यालयांची ओपीडी आठवड्यातले निदान दोन दिवस संध्याकाळी आठपर्यंत चालवा, आणि सुरू झालेल्या रूट कॅनलच्या पेशंटला ठरलेली वेळ द्या, पुन्हा रांगेत उभं करू नका. त्यासाठी डॉक्टर आणि कर्मचारी वाढवावे लागतील. वाढवा.

आणि हे झालं शहरातलं. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, पालिकेचं नायर आहे, नागपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे. माझी आई गावी राहते. तिच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दात काढून मिळायचे, रूट कॅनल होत नव्हतं. वाचवण्यासारख्या पाच दाढा तिने एकेक करून काढून टाकल्या. आता शेंगदाणे खायचे तर खलबत्त्यात कुटून खाते. तालुक्याला दाढ काढायची खुर्ची आहे, तर तिथेच ती वाचवायचं साहित्य आणि माणूसही हवा.

खाजगीत जाणार असाल तर जा, मुलाची साधी फिलिंग मी आजही कोपऱ्यावरच करून घेईन. फक्त आधी विचारा: रूट कॅनल तुम्ही करणार की बाहेरून एन्डोडॉन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनलचा तज्ज्ञ, येणार? कॅप कशाची, वॉरंटी कार्ड मिळेल का? शेवटचा एक्स-रे दाखवाल का? आणि कुठेही करा, दाढेवरची कॅप टाळू नका. रूट कॅनल झालेली दाढ ठिसूळ होते, पैसे वाचवायला कॅप राहते आणि मग सुपारीच्या एका खांडाने ती उभी चिरते.

सोमवारी आईला कवळीच्या मापासाठी घेऊन जातेय, पहाटेच्या गाडीने. कुणाच्या घरी असं काम अडलं असेल तर कमेंटमध्ये विचारा, कुठल्या खिडकीपासून सुरुवात करायची ते सांगते.