नॉमिनेट झाले म्हणे!

ऑक्टोबर जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर सुरू होतं बघा, अमुक साहेब शांततेच्या नोबेलसाठी नॉमिनेट, मोठा फोटो, मागे तिरंगा आणि खाली ‘अभिमान वाटला तर फॉरवर्ड करा’. अरे कसला डोंबलाचा अभिमान! ते नाव पाठवायला कुठल्याही देशाचा खासदार चालतो, मंत्री चालतो, विद्यापीठातला इतिहासाचा नाहीतर कायद्याचा प्रोफेसर चालतो, ३१ जानेवारीच्या आत ऑनलाइन फॉर्म भरला की झालं काम. २०२५ ला एकट्या शांततेसाठी ३३८ उमेदवार होते, ३३८! आणि ती नावं कमिटी ५० वर्षं उघड करत नाही, मग आमच्या काकांना कुठून कळतात देव जाणे. १९३९ मध्ये स्वीडनच्या एका खासदाराने चक्क हिटलरचं नाव पाठवलेलं, उपरोधाने पाठवलं आणि नंतर मागेही घेतलं ते सोडा, पण नोंद आहेच ना, मग त्याचाही सत्कार ठेवा!

उलट गांधीजींचं नाव १९३७ ते १९४८ मध्ये पाच वेळा गेलं, मिळालं का? नाही. १९४८ ला तर योग्य असा जिवंत उमेदवार नाही म्हणून बक्षीसच कुणाला दिलं नाही. एवढं सगळं टाइप करून ग्रुपवर टाकलं तर काका म्हणतात तुला देशाचं चांगलं बघवत नाही, आणि दहा मिनिटांत परत तोच फोटो, ह्यावेळी फिजिक्सचं नोबेल.