तपकिरी पाण्याचा व्हिडिओ आणि टीडीएसचा आकडा

‘नळाच्या पाण्याचा टीडीएस ५० च्या वर असेल तर ते विष आहे. मुतखडा, सांधेदुखी, केस गळणं, सगळ्याचं मूळ तेच. उकळूनही टीडीएस उतरत नाही, आरओच लावा.’ हा मेसेज दोन ग्लासांच्या व्हिडिओसकट वर्षानुवर्षं फिरतोय. (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये. आरओ म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून ते क्षार काढणारं मशिन.) आता तो माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने मनपाचं नीट क्लोरीन घातलेलं पाणी पिणंच बंद केलं. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी तो व्हिडिओ, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून यंत्र २३० व्होल्टच्या प्लगला लावतात. थोड्याच वेळात नळाचं पाणी तपकिरी, काळपट होतं आणि आरओचं स्वच्छ राहतं. ‘बघा, ही घाण तुम्ही पिताय!’

ती घाण पाण्यात नव्हतीच. ते कांडीचं लोखंड आहे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की धन टोकाची लोखंडी कांडी विरघळू लागते आणि तिचा गंजाच्या रंगाचा साका होतो. कांडी ॲल्युमिनियमची असेल तर साका पांढरट येतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नसतात, वीज जेमतेम वाहते, कांडी शाबूत राहते. विक्रेता दारात आलाच तर त्याला आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून यंत्र पुन्हा लावायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. (घरी स्वतः करू नका, उघड्या पाण्यात मेनची वीज असते.) ही उघड फसवणूक आहे.

आता ५० चा आकडा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५०० : २०१२. भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) संकेतस्थळावर मोफत मिळतं, कुणीही उघडून पाहावं. त्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. ५० कुठेच नाही. शहाळ्याच्या पाण्यात टीडीएस मोजायचा मीटर हजारोंत आकडा दाखवतो. ते तर आपण आजाऱ्याला देतो.

मीटर मुळात मोजतो ती विद्युतवाहकता. तिला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणून आकडा दाखवतो, बस. आरओच्या पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून पाहा, काटा जवळपास हलणार नाही. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशकं दिसत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि मीटरची सर्वांत लहान पायरी १. मर्यादेच्या ५० पट आर्सेनिक असलं तरी तो गप्प बसेल. म्हणजे ३० टीडीएसचं पाणी जीवघेणं असू शकतं आणि ३०० चं उत्तम.

उकळण्याबद्दलचं वाक्य सर्वांत घातक, कारण त्यातला पहिला भाग खरा आहे. उकळून टीडीएस फारसा बदलत नाही. पण उकळायचं असतं ते जंतूंसाठी! खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवलं की काम होतं. पावसाळ्यात हा मेसेज वाचून कुणी उकळणं सोडलं तर कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइडला आयतं दार उघडेल.

मुतखड्याचं म्हणाल तर डॉक्टर आधी पाणी वाढवायला सांगतात, टीडीएस विचारत नाहीत. सांधे आणि केस उगाच जोडलेत.

एवढं मान्य करावं लागेल की बोअरवेलचं पाणी मचूळ लागत असेल, टीडीएस ५०० च्या बराच वर असेल किंवा फ्लोराइड १.५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या पुढे असेल, तर आरओ कामाचा आहे. मनपाच्या १००-२०० टीडीएसच्या पाण्याला त्याची गरज नाही. घरगुती मशिन लिटरभर पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते.

शंका असेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक हवी, ती तिथूनच घ्या. बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावू नका आणि नमुना त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको आणि नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. मनपाच्या थेट नळाला क्लोरीन मिळतंय पण टाकीतून येणाऱ्या स्वयंपाकघरातल्या पाण्यात मिळत नाही, असं निघालं तर गच्चीवरची टाकी धुवायला झाली आहे.